अर्ध्या तोंडाची लाईट

आर्वीच्या एसटी स्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कोणाचा वाढदिवस असो, साक्षगंध असो, तेरवी असो, माणसं फोटो घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना सुंदर करून चौकात टांगतो. सुंदर करणं म्हणजे रंग थोडा उजळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब आणि दात पांढरे. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन ज्यांच्या दातांची वीट झाली आहे, असे पुढारी माझ्या फ्लेक्सवर दुधाच्या दातांच्या लेकरासारखे हसतात. माझे स्वतःचे दात कसे आहेत ते विचारू नका. खर्रा मीही खातो.

अशा मला एकाच बाईनं माझ्याच फ्लेक्सवरून गप्प केलं. ती शेजारच्या दातांच्या दवाखान्यातली आनंदाबाई.

मोठे डॉक्टर प्रभाकरराव निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाचा फ्लेक्स मी केला होता. खाली दवाखान्यातल्या सगळ्यांचे फोटो लावले. आनंदाबाई फोटोत तोंडभर हसत होती आणि तिचे दात तपकिरी, वर आडव्या रेघा. मी नेहमीसारखं एक बटन दाबलं आणि ते पांढरे करून टाकले. फ्लेक्स लागला त्या सकाळी ती खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग माझ्या दुकानात आली.

"कैलास, वरती थे बाई कोन होय?"

"अहो, तुम्हीच नाही का!"

"मी नाई. माहे दात कोठी गेले?"

"थोडे साफ केले. चांगले दिसतात."

"साफ कर म्हून तुले कोनं सांगतलं? घान होते का?"

एवढंच बोलली आणि गेली. मी दिवसभर चिडून होतो. चूक आपली असली की माणूस जास्त चिडतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या दातांची गोष्ट अशी. आनंदाबाईचं माहेर आर्वीपासून एसटीनं तासाभरावर. ती जन्मली त्याच सुमारास गावात पहिली हापशी बसली. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या बायांनी म्हणे त्या हापशीला हळदकुंकू लावलं होतं. पण ते पाणी पिऊन वाढलेल्या लेकरांचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते तपकिरी. पाण्यात फ्लोराईड जास्त आहे हे कळायला वीसेक वर्षं गेली. मग कोणीतरी येऊन हापशीला लाल रंग फासला, म्हणजे हे पाणी पिऊ नका. दुसरं पाणी लांब होतं, म्हणून लोक लाल हापशीचंच पीत राहिले. पुढच्या पोरांचे दातही तसेच आले.

आनंदाबाईला याचं वाईट वाटायचं का? पाण्याचं वाटायचं. त्या हापशीवर ती अर्धा अर्धा तास तोंडसुख घ्यायची. दातांचं मात्र नाही. उलट तिची एक अजब सवय होती. स्टँडवर उभी असली की ती लोकांच्या तोंडाकडे बघायची, आणि एखादी अनोळखी पोरगी हसताना तसे रेघांचे दात दिसले की सरळ जाऊन विचारायची, "काय व, तू आपल्या हापशीची होय ना?" दहातल्या नऊ वेळा ती पोरगी तिच्या माहेरचीच निघायची. मग दोघी बाकावर बसून गावातलं कोण मेलं, कोणाला लेक झाली, सगळं बोलून घ्यायच्या. आई-बाप गेलेले, भाऊ नाही, माहेरी जायला घर उरलं नव्हतं. माहेर तिला असं स्टँडवर भेटायचं.

दवाखान्यात ती बावीस वर्षांपूर्वी झाडूपोछा करायला आली. मोठ्या डॉक्टरांनी तिची नजर ओळखली. दात बसवायचा असला की त्याचा रंग शेजारच्या दाताशी जुळावा लागतो, त्यासाठी डॉक्टरांकडे नमुन्याच्या सोळा दातांची एक पट्टी असते. प्रत्येक दातावर इंग्रजी अक्षर आणि आकडा. आनंदाबाईनं त्या सोळा दातांना आपली नावं ठेवली. दूध, साय, लोणी, वरण, कढी, चहा, गूळ, अशी. मोठे डॉक्टर आतून ओरडायचे, "आनंदाबाई, काय म्हणता?" आणि ही खिडकीशी पेशंटच्या तोंडाजवळ पट्टी धरून सांगायची, "वरन हाये साहेब, पन पातळ." आणि दात हुबेहूब जुळायचा.

रंग बघायची तिची रीत ठरलेली. खुर्चीवरचा दिवा बंद, पेशंट खिडकीपाशी, आधी चूळ भरायची, ओठांवरून जीभ फिरवायची, मग पट्टी. मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं की ओला दात खरं बोलतो, वाळलेला खोटं बोलतो. तिला ते लगेच पटलं, कारण तिचा बाप दिवाळीआधी घरोघरी चुना मारायचा. ओली भिंत मळकट दिसते आणि वाळली की पांढरीफेक, हे तिला परकरात असल्यापासून माहीत होतं.

मोठे डॉक्टर पुण्याला लेकीकडे राहायला गेले आणि दवाखाना त्यांच्या मुलाकडे, धनंजय डॉक्टरांकडे आला. माणूस चांगला. हात हलका, दाढ उपटली तरी कळू नये असा. आनंदाबाईनं त्यांना शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं, त्यामुळे ती त्यांना धनंजयभाऊ म्हणायची आणि ते तिला "तुम्ही" म्हणायचे. दोष एकच, नवं काही दिसलं की त्यांना राहवत नसे. गेल्या वर्षी ते दोन दिवस नागपूरला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना दात पांढरे करायची लाईट घेऊन आले.

लाईट म्हणजे चाकांवरचा एक उंच खांब आणि त्याला वाकलेली मान. तोंडासमोर आणली की निळाशार उजेड. पेशंटच्या डोळ्यांना नारिंगी चष्मा, ओठ ताणायला प्लास्टिकची कडी, हिरड्यांवर संरक्षणाचा लेप, दातांवर पांढरं जेल, आणि पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा तो निळा उजेड. बघणाऱ्याला वाटावं, माणूस आता चंद्रावरच निघाला. डॉक्टरांनी मला फ्लेक्स सांगितला आणि ओळ मी सुचवली, "लाईटची जादू, दात मोत्यासारखे!" त्यांना ती फार आवडली. मलाही. खोटं लिहिताना माझं अक्षर फार सुंदर येतं.

आनंदाबाई सुरुवातीला त्या लाईटच्या विरोधात अजिबात नव्हती, हे सांगितलं पाहिजे. दवाखान्यात पिस्तुलासारखी एक छोटी निळी लाईट आधीपासून होती. दातात मसाला भरला की त्या लाईटनं तो टणक होतो. ती लाईट तिनं हजारदा धरली होती. "थे लाईट इमानदार हाये," ती म्हणायची, "मसाला नखानं दाबून पाह्यजो, समजते." मोठ्या लाईटचंही तिनं आधी खरंच मानलं. पेशंट आला की आधीचा रंग, नंतरचा रंग आणि चार दिवसांनी परत दाखवायला आला की तेव्हाचा रंग, असं सगळं ती वहीत लिहायची. तिच्या वहीत माणसं "चहाची कढी" झालेली असायची आणि "गुळाचं वरण".

मग अपेक्षाचा दिवस आला.

अपेक्षा तेवीस वर्षांची, आनंदाबाईच्या माहेरचीच. तिचे वडील रूपराव तिला घेऊन आले होते, कारण पुढच्या महिन्यात साक्षगंध. मुलानं पसंत केली होती, दातांसकट. पण पोरीलाच वाटत होतं की फोटोत हसताना तोंडावर हात नको. आनंदाबाईनं तिला दारातच ओळखलं. "आपल्या हापशीची," असं म्हणून तिचा हात धरूनच खुर्चीवर बसवलं. करू नको, असं एकदाही म्हणाली नाही. तुझं तोंड, तुझी मर्जी.

लेप लावून झाला, दातांवर जेल लागलं, चष्मा चढला, आनंदाबाईनं लाईटची मान वाकवली, आणि लाईन गेली.

आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. दवाखान्यात इन्व्हर्टर होता, पण त्यावर खुर्ची, पंखा आणि छोटे दिवे तेवढेच. मोठी लाईट बाहेरच्या लाईनवर. धनंजय डॉक्टर दुसऱ्या खुर्चीवर एकाची अक्कलदाढ काढण्यात गुंतले होते. ते तिथूनच म्हणाले, "जेल राहू द्या. पंधरा मिनिटांनी बदला. लाईन आली की लाईट लावू."

पंधरा मिनिटं झाली, जेल बदललं. तीस झाली, परत बदललं. पंचेचाळीस झाली. लाईन काही आली नाही. आनंदाबाईनं चूळ भरायला लावली, पोरीला खिडकीशी नेलं, पट्टी धरली, आणि तिचा हात तिथेच थांबला. गुळावरून पोरगी कढीवर आली होती. रेघा होत्याच, पण तपकिरी उतरून मधासारखी झाली होती. लाईट लावलेल्यांना पडायचा तेवढाच फरक.

तिनं वहीत रंग लिहिला आणि पुढे दोन शब्द, "लाईन नव्हती".

नंतरचे तीन दिवस ती वही उलटी-सुलटी वाचत बसली. मी दाढ दुखते म्हणून गेलो होतो तेव्हा मलाही दाखवली. "कैलास, पाह्य. ज्याईले लाईट लागली थे चार दिवसानं कोठी आले? येथी. अन् हे पोट्टी लाईट न लागता कोठी आली? येथीच. मंग लाईट काय करून राह्यली?"

मी म्हटलं, "आनंदाबाई, वहीत ठेवा. कोणाला सांगू नका." माझ्या डोक्यात वेगळंच होतं. डॉक्टरांना दुप्पट मोठा फ्लेक्स हवा होता, समोरच्या भिंतीभर, आणि त्यावर माझीच ओळ.

चौथ्या दिवशी मी त्याच भिंतीचं माप घ्यायला गेलो आणि नेमका तेव्हाच रूपराव पोरीला घेऊन आले. वरांड्यात दहा-बारा पेशंट बसलेले. रूपराव दारातूनच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोट्टीची लाईट राह्यली जी. लाईन गेलती त्या दिवशी. थे पुरी करून द्या."

राहिलेलं जेवण वाढून द्या, म्हणावं तसं ते म्हणाले. लोक हसले. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, बसा. पूर्ण लाईट देऊ." एवढ्यात अपेक्षानं कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तोंडाला लावलं आणि डोळे गच्च मिटले. दात ठणकत होते. जेलनं असं होतं काहींना, दोन-चार दिवस. आता त्यावर परत तीनदा जेल आणि लाईट.

आनंदाबाई मध्ये आली. "रूपरावजी, तुमच्या पोट्टीचं काई राह्यलं नाई. तिचं काम झालं हाये."

"पन लाईट?"

"लाईट शोभेची हाये. दात जेलनं होते."

धनंजय डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. भिंतीला टेकवलेला माझा टेप सर्रकन गुंडाळला गेला, तेवढाच आवाज.

"आनंदाबाई, आत जा," डॉक्टर म्हणाले.

"जाते. पन पोट्टीले बसवू नका. तिचे दात ठनकून राह्यले."

"तुम्हाला यातलं शास्त्र कळतं का?"

"शास्त्र नाई समजत भाऊ. रंग समजते."

हे तिनं उद्धटपणे म्हटलं नव्हतं. पण लोकांसमोर म्हटलं होतं, आणि डॉक्टर झाला तरी माणूसच. ते म्हणाले, "बावीस वर्षं दाताच्या दवाखान्यात काम करता आणि स्वतःचे दात असे. लोक विचारतात मला. उद्यापासून तुम्ही मागे बसा, हत्यारं धुवायला. खुर्चीपाशी दुसरी मुलगी ठेवतो."

खुर्चीशेजारचं ते स्टूल म्हणजे आनंदाबाईचं सगळं होतं. तिथं बसून ती घाबरलेल्या माणसाचा हात धरायची, रंग सांगायची, लोकांना नावानं हाक मारायची. मागची खोली म्हणजे नळ, पातेलं आणि भिंत. मला वाटलं, आता ही नमणार. तिनं नमावं असंही मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

ती म्हणाली, "मोठ्या डॉक्टरानं मले दहादा म्हटलं, आनंदाबाई, तुमचे दात पांढरे करून देतो. मी नाई म्हटलं. आज मी हो म्हनते. करा माह्यावर. पन अर्ध्या तोंडाले लाईट, अन् अर्ध्याले नाई."

कोणाला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. सगळ्या दातांना जेल सारखंच. उजव्या बाजूला लाईट पडू द्यायची, डावी बाजू काळ्या कागदानं झाकायची. पूर्वी एक्स-रेच्या फिल्मच्या पाकिटात काळा कागद यायचा, तो तिनं साठवून ठेवला होता. वरून प्लास्टिक गुंडाळायचं. आणि रंग बघायचा तो तीन दिवसांनी. "उजवीकडं जास्त पांढरं निघालं त मी हसत मांगं जाते हत्यारं धुवाले. सारखं निघालं त लाईटनं दात पांढरे होते, हे या दवाखान्यात कोनालेच सांगायचं नाई. बोला."

सगळे डॉक्टरांकडे बघत होते. त्यांना खात्री होती. खात्री असलेल्या माणसाला अडवायला जागा नसते. ते म्हणाले, "शुक्रवारी करू."

शुक्रवारपर्यंत गावात चहाच्या टपऱ्यांना दुसरा विषय नव्हता. मी तिला दुकानात बोलावून समजावलं. "आनंदाबाई, हरलात तर जागा जाईल. जिंकलात तरी दात जातील. तुमच्या हापशीचे दात. एवढं कशासाठी?"

"मंग कोनाच्या तोंडावर करू? दुसऱ्याच्या पोरीच्या?"



शुक्रवारी डॉक्टरांनी सगळं स्वतः केलं, आणि अगदी प्रामाणिकपणे केलं. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. आधी फोटो काढला. दोन्हीकडे मोजून जेल. काळा कागद नीट बसवला. त्या दिवशी लाईनही शहाण्यासारखी राहिली. पाऊण तास निळा उजेड. आनंदाबाई नारिंगी चष्म्यात छताकडे बघत पडली होती आणि तिच्या हाताची मूठ वळलेली. बावीस वर्षं तिनं लोकांचे हात धरले, तिचा धरायला तेव्हा कोणी नव्हतं.

जेल पुसलं, कागद काढला. डॉक्टरांनी लगेच फोटो घेतला आणि तो वरांड्यात सगळ्यांना दाखवला. उजवी बाजू डावीपेक्षा पांढरी होती. खोटं कशाला बोलू, मलाही स्पष्ट दिसत होती.

"फरक हाये बावा," कोणीतरी म्हणालं. डॉक्टर हसले. रूपराव पोरीकडे वळून म्हणाले, "मी म्हटलं नवतं!"

आनंदाबाईनं आरसा घेऊन पाहिलं. तिचा चेहरा पडला, मी पाहिला. पण तिनं आरसा खाली ठेवला आणि ताणून लाल झालेल्या ओठांनी म्हणाली, "भिंत वाळली हाये अजून. ओली होऊ द्या. सोमवारी येजो सारे."

लोक हसत हसत गेले. मीही भिंतीचं माप घेऊन टाकलं.

शनिवारी ती कामावर आली आणि कोणी न सांगता मागच्या खोलीत जाऊन हत्यारं धुवत बसली. निकाल लागेपर्यंत स्टूलवर बसायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. रविवारी दवाखाना बंद. ते दोन दिवस माझी बायको घरी सारखी विचारायची, "काय झालं हो त्या बाईचं?" आणि मी तिच्यावर खेकसायचो.

सोमवारी वरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे लोकांना कांकण स्वतः बघायचं होतं. आनंदाबाई खिडकीशी बसली. डॉक्टर नमुन्याची पट्टी घेऊन पुढे झाले तशी तिनं हात वर केला. उठली, माठातलं पाणी घेतलं, चूळ भरली. परत बसली. ओठांवरून जीभ फिरवली. मग तोंड उघडलं.

डॉक्टरांनी उजव्या सुळ्याला नमुना लावला. मग डाव्या. मग समोरच्या दोन दातांना. मग परत उजव्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा लावला.

"दोन्हीकडे तोच," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी हळू, पण म्हणाले.

"नाव सांगा ना भाऊ," आनंदाबाई म्हणाली.

डॉक्टरांना तिची नावं लहानपणापासून पाठ होती. "कढी," ते म्हणाले.

वरांड्यात असा हशा उठला की बाहेरचा कंडक्टर गाडी सोडून बघायला आला. हसले नाहीत ते फक्त डॉक्टर. ते पेशंटच्या खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कैलास, नागपूरला आम्हाला असंच दाखवलं होतं. लाईट काढली की लगेच. तिच्या उष्णतेनं वाळलेलं. तीन दिवस थांबा, असं कोणी म्हटलंच नाही. आणि मीही थांबलो नाही. बाबांनी मला शिकवलं होतं हे. मी यांच्याबरोबरच शिकलो होतो."

मला त्यांचा राग यायचा थांबला, तो तिथे. आनंदाबाईला तर आलाच नव्हता. ती उठून आपल्या स्टूलवर जाऊन बसली आणि म्हणाली, "पुढचं कोन हाये? येजो."

भिंतीभरचा मोठा फ्लेक्स काही झाला नाही. जुन्या फ्लेक्सवरची माझी लाडकी ओळ मीच शिडी लावून पांढऱ्या पट्टीनं झाकली. निळी लाईट कोपऱ्यात उभी आहे अजून. काही हट्टी लोक अजूनही लाईट मागतात, बिनलाईटचं त्यांना अर्धवट वाटतं. आनंदाबाई त्यांना नारिंगी चष्मा चढवताना कानाशी सांगते, "लावून देते जी, हौस असंन त. पन दात जेलनं होते बरं."

इथवर सगळं जिंकल्याचं झालं. पुढचं तिनं कोणाला सांगितलं नाही, मला सांगितलं, त्या सोमवारनंतर दोन महिन्यांनी.

दवाखान्याला चाळीस वर्षं होत होती. डॉक्टरांनी मला फ्लेक्स सांगितला आणि म्हणाले, "यावेळी वर माझा फोटो नको. आनंदाबाईंचा लावा, मोठा. एकटीचा." ती फोटो घेऊन दुकानात आली. त्या शुक्रवारी जेल लावायच्या आधी डॉक्टरांनी काढलेला तो फोटो होता. गुळाच्या दातांचा.

मी म्हटलं, "हा कशाला? आता छान कढी झाली आहे ना."

ती समोरच्या बाकावर बसली. "काल स्टँडवर माहेरची गाडी आलती. एक पोट्टी उतरली, आपल्या हापशीची. मी हसली तिच्याकडं पाहून. ती पाहून न पाह्यल्यासारखी निघून गेली. मी जाऊन विचारलं, काय व, तू अमक्या गावची ना? त म्हनते, तुमाले कसं माहीत? तुमी कोन?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मले कोनी असं नवतं विचारलं, कैलास. येवढ्या वर्षांत."

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि हात सवयीनं त्याच बटनावर गेला. सवय फार वाईट असते. क्षणात तिचे दात पांढरेशुभ्र झाले.

ती उठून उभी राहिली. "कैलास! माहे दात मले वापस दे."

मी उलटं बटन दाबलं. तपकिरी रंग आला, रेघा आल्या. "अजून काही?" मी विचारलं.

"ओठ ओले दिसू दे," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं हसली.

फ्लेक्स स्टँडच्या समोर लागला, दहा फूट उंच. एक एक दात हाताच्या तळव्याएवढा. सकाळपासून तिघांनी मला थांबवून सांगितलं की छपाईत काहीतरी गडबड झाली आहे, दातांवर डाग आलेत. मी प्रत्येकाला सांगितलं, गडबड नाही, ते तसेच आहेत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फ्लेक्ससाठी मी भांडत होतो.

दुपारी वरच्या कोपऱ्याची तार सुटली म्हणून मी शिडीवर चढलो. तेवढ्यात तिच्या माहेरची गाडी आली. दोन बाया उतरल्या, डोक्यावर बोचकी. एकीनं वर पाहिलं आणि थांबली. नाव खाली लिहिलं होतं, पण ती नाव वाचत नव्हती. तिनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

"अवं पाह्य, पाह्य! हे त आपल्या हापशीची होय व!"